दिरहमचा हिशेब

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर उदाहरण घातलं. दुबईत ३ किलो खजूर ६० दिरहमला, आपल्या बाजारात पाव किलो १३० रुपयांना. दिरहम २३ रुपयांचा धरा. स्वस्त कुठे?

बऱ्याच जणांनी ६० ला २३ ने गुणलं, १३८० आले आणि ‘इथे स्वस्त’ असं लिहून टाकलं. एकीकडे तीन किलो, दुसरीकडे पाव किलो, हे कुणी पाहिलंच नाही. किलोचा भाव काढला तर तिथे २० दिरहम म्हणजे ४६० रुपये, इथे ५२०. (विमानात सामानाचं वजन भरतं, ते वेगळं!)

मधल्या सुट्टीत एक मुलगी आली. “मॅडम, अब्बांनी हजार दिरहम पाठवले. दर २३ चाच होता, पण खात्यात २२,५४० आले. अम्मी कालपासून गप्प आहे.”

मी म्हटलं, कापलेली फी x धर.

(१००० − x) × २३ = २२,५४०

तिनेच भागाकार केला. कंसाची किंमत ९८०, म्हणून x = २०. फी दिरहममध्येच कापली गेली होती.

पालकांनो, दर मात्र पावतीवरचाच घ्या. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रोज हलतो तो आपला रुपया.

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, “अब्बांनी पावतीचा फोटो पाठवला. वीसच आहेत. अम्मीने माझी वही ठेवून घेतलीय.”