दोन टनांची गाडी उतारावर

एसयूव्हीच्या शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडीला पिकअप कसा आहे? विक्रेत्याचं उत्तरही तयार असतं. अश्वशक्तीचा आकडा, टॉर्कचा आकडा, आणि मग बोट सनरूफकडे. ब्रेक, शॉक अब्सॉर्बर, मागचा एक्सल यांची चौकशी करणारं गिऱ्हाईक विरळाच. जवळजवळ दोन टन वजनाची, जमिनीपासून उंच, सात माणसं आणि त्यांचं सामान घेऊन घाट उतरणारी गाडी घेताना ही चौकशी सगळ्यात आधी व्हायला हवी. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून कंपन्याही त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, आणि गाडीतलं सर्वांत कष्टाचं अभियांत्रिकी विकत घेणाऱ्याला माहीतच होत नाही.

त्याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महिंद्राची पहिली स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. परदेशी कंपनीची तयार गाडी इथे न जुळवता पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालच्या अभियंत्यांनी ती घडवली होती, आणि देशी कंपनीच्या आत्मविश्वासाची खूण म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. वीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, तिची पूर्णपणे नवी पिढी आली. ही स्कॉर्पिओ-एन चाकणला तयार होते.

इंजिनाबद्दल तक्रारीला जागा नाही. २.२ लिटरचं डिझेल इंजिन १७५ अश्वशक्ती देतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत ४०० न्यूटन-मीटर टॉर्क. हा टॉर्क मिनिटाला १,७५० फेऱ्यांपासूनच हाताशी येतो, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट. कसारा घाटात कंटेनरमागे अडकलेल्या गाडीला रस्ता मोकळा मिळतो तो जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात इंजिन न किंचाळता गाडी पुढे गेली पाहिजे, आणि ती जाते. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन २०० अश्वशक्तीच्या आसपासचं आहे. त्याला फोर-व्हील ड्राइव्ह मात्र मिळत नाही, ती सोय फक्त डिझेलला.

पण या गाडीतली सगळ्यात देखणी कामगिरी बघायची तर मागच्या बाजूला वाकून गाडीखाली पाहावं लागेल. स्कॉर्पिओ-एन चासीवर बांधलेली आहे आणि तिला मागे अखंड एक्सल आहे. खडबडीत वाटेला ही रचना दणकट, पण डांबरी रस्त्यावर तिची एक जुनी खोड असते. एक्सल आडवा सरकू नये म्हणून अशा अनेक गाड्यांत एक आडवा दांडा लावतात: एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. खड्ड्यात चाक वरखाली झालं की हा दांडा वर्तुळाच्या कमानीत फिरतो आणि एक्सलला थोडासा एका बाजूला ओढतो. वळणावर खड्डा लागला की गाडीचा मागचा भाग पाऊल चुकल्यासारखा हलतो, तो यामुळे. महिंद्राच्या अभियंत्यांनी इथे वॉट जोडणी वापरली. एक्सलच्या मध्यावर एक छोटी फिरती पट्टी, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकांना दोन बाजूंनी आलेले दोन दांडे. एक दांडा जेवढा डावीकडे ओढेल, तेवढाच दुसरा उजवीकडे. त्यामुळे एक्सलचा मध्य जवळपास सरळ रेषेत वरखाली होतो.

ही युक्ती जेम्स वॉटनं १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या पेटंटात मांडली. आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांत याचाच सर्वाधिक अभिमान वाटतो, असं त्यानं पुढे उतारवयात मुलाला लिहिलं होतं. सव्वादोन शतकांहून जुनी ती कल्पना आज चाकणमध्ये बनणाऱ्या गाडीला कोकणातल्या वळणांवर सरळ ठेवते, याचं कौतुक सनरूफच्या दहापट व्हायला हवं. सोबतीला असे शॉक अब्सॉर्बर आहेत, जे बारीक आणि जलद हादऱ्यांना मऊ होतात आणि गाडी वळणावर कलायला लागली की ताठ राहतात. जुनी स्कॉर्पिओ हाकलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो.

आता उताराकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामानासह अडीच टन भरणारी एसयूव्ही या उतारात साधारण साडेतेरा मेगाज्यूल ऊर्जा सोडते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवायला एक मेगाज्यूलहून थोडी कमी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. म्हणजे हा एक घाट उतरणं हे शंभरच्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकं काम आहे. त्यातलं काही हवेचा आणि टायरचा विरोध उचलतो, काही इंजिन उचलतं. बाकी सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल पायाखाली खोल जातं. गाडीला कितीही अश्वशक्ती असली तरी त्या क्षणी तिचा काही उपयोग नसतो. दमट कोकणात गाडी फिरवणाऱ्यांनी हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. शेपाचशेचं पॉलिश न चुकता करून घेणारी माणसं नेमकं हे काम टाळतात.

ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीच्या आणि ट्रकच्या चालकांचा धडा म्हणूनच शास्त्राला धरून आहे. ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या अनेकांना आपल्या गाडीतही गिअर हातानं खाली आणता येतो, हे ठाऊक नसतं. गाडी ताब्यात देताना फोन कसा जोडायचा हे पंधरा मिनिटं समजावलं जातं. त्यातली पाच मिनिटं घाट कसा उतरायचा याला द्यायला हवीत.

विजेच्या गाड्यांनी या हिशोबात भर घातली आहे. २०२५ मध्ये आलेली टाटाची हॅरियर ईव्ही दोन मोटरच्या रूपात ० ते १०० चा वेग ६.३ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते, आणि जाहिरातींत हाच आकडा झळकला. तिचा घाट उतरतानाचा फायदा त्याहून मोठा आहे: उताराची ऊर्जा मोटर परत बॅटरीत भरते आणि ब्रेक थंड राहतात. मात्र लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून खाली निघालं, तर त्या ऊर्जेला जायला जागाच उरत नाही. घाटमाथ्यावर गाडी शंभर टक्के चार्ज करू नये, ही गोष्ट विकतानाच सांगितली पाहिजे.

सुरक्षेच्या ताऱ्यांचीही अशीच नीट चौकशी लागते. २०१६ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. सहा वर्षांतली ही झेप अभियंत्यांनी कष्टानं कमावलेली आहे आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपनं याच पिढीच्या गाडीला शून्य तारे दिले. तिथल्या नियमांत आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक आणि लेन सांभाळणारी यंत्रणा यांना मोठं वजन आहे, आणि परीक्षेतल्या गाडीत त्या नव्हत्या. दोन्ही निकाल खरे आहेत. धडक झाल्यावर काय होतं यात गाडी सुधारली होती. धडक टाळायची साधनं तिला दिली गेली नव्हती.

ती साधनं या गाडीत भारतात २०२५ मध्ये आली, पण सर्वांत महागड्या प्रकारात. हीच खरी खटकणारी गोष्ट आहे, आणि ती एका कंपनीपुरती नाही. स्कॉर्पिओ-एन बाजारात आली तेव्हा खालच्या प्रकारांत दोन एअरबॅग होत्या, सहा मिळायच्या त्या वरच्या प्रकारांत. सहा एअरबॅग सर्व गाड्यांना सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्रानं जानेवारी २०२२ मध्ये काढला, मुदत एकदा पुढे गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. बाजारातली स्पर्धाच हे काम करील, असा त्यामागचा विश्वास. ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या एबीएसचा अनुभव याच्या उलट आहे. एप्रिल २०१९ पासून ते प्रत्येक नव्या कारला सक्तीचं झालं आणि तेव्हाच ते स्वस्तातल्या स्वस्त गाडीत पोचलं.

सक्तीनं किंमत वाढते हा मुद्दा छोट्या गाड्यांच्या बाबतीत समजण्यासारखा आहे. या वर्गात तो टिकत नाही. इथे गिऱ्हाईक लाखो रुपये मोजतं, वर सरकारला ४० टक्के जीएसटी देतं, आणि समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळवतं. ८० ऐवजी १२० चा वेग म्हणजे ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. एवढी ऊर्जा रस्त्यावर आणायची परवानगी देणाऱ्या सरकारनं ती आवरण्याची साधनं खालच्या प्रकारालाही सक्तीची केली पाहिजेत.

भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टाटाच्या हॅरियर आणि सफारीला तिचे पहिले पाच तारे मिळाले. आता तिच्यात एका परीक्षेची भर पडावी: पूर्ण भरलेली गाडी १०० च्या वेगावरून किती मीटरमध्ये थांबते, आणि लागोपाठ दहा वेळा थांबवल्यावर तो आकडा किती वाढतो. दोन्ही आकडे प्रत्येक प्रकारासाठी वेगळे, शोरूममध्ये किमतीच्या फलकावरच, किमतीएवढ्याच ठळक अक्षरांत छापलेले असावेत.