पासबुक कुणाच्या खिशात?
बोनकोडे काय किंवा नवी मुंबईतलं कुठलंही गावठाण काय, शेती सिडकोच्या संपादनात गेली आणि म्हाताऱ्यांच्या सहीला भाव आला. संपादनाच्या मोबदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड, जुन्या घराच्या जागी उभी राहिलेली इमारत, भाड्याच्या खोल्या; कागद आजीच्या अंगठ्यापाशी येऊन अडतो. म्हणून म्हाताऱ्यांचा छळ म्हणजे मारहाणच, हा समज आधी सोडायला हवा. पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाच्या खिशात, बीपीच्या गोळ्या ‘पुढच्या महिन्यात आणू’, मोबाइल काढून घेतलेला, आणि शेजारणीने ‘बरी आहेस ना?’ विचारलं की आजीच्या आधी भलताच कुणी उत्तर देतो. ही लक्षणं ओळखावीत. मात्र चारचौघांत जाब विचारू नये. त्याचे चटके मागाहून तिलाच बसतात. तिला एकटीला गाठावं, ऐकून घ्यावं, १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सांगावी. जिवावर बेतत असेल तर थेट ११२. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणात, वकिलाशिवाय निर्वाहाचा अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र, अट मोडल्यास कलम २३ खाली रद्दही होतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आईला मालमत्तेचा ताबा परत देवविला. तेव्हा अट कागदावर लिहूनच घ्यावी. ‘पोटच्या पोराला कसली अट?’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं: ज्याला सांभाळायचंच आहे, त्याला अटीची अडचण कसली?