बोलायला थांबणे आणि बोलायचे थांबणे

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात ओळखीचे कोणी भेटले, अशी कल्पना करून दोन वाक्ये लिहावीत : 'तो बोलायला थांबला' आणि 'तो बोलायचा थांबला'. दोन्हींतली क्रियापदे तीच. पण पहिल्या वाक्यात संभाषण सुरू होते, दुसऱ्यात संपते. सारा अर्थ '-ला' आणि '-चा' या एवढ्याशा प्रत्ययांवर तोललेला आहे.

इटालियन शिकणाऱ्याला नेमका हाच पेच पडतो. 'फेर्मार्सी आ पार्लारे' म्हणजे बोलायला थांबणे. 'स्मेत्तेरे दी पार्लारे' म्हणजे बोलायचे थांबणे. आरंभणे, जाणे, शिकणे या क्रियापदांना 'आ' लागतो. संपवणे, सोडणे यांना 'दी'. इच्छा, शक्यता आणि कर्तव्य सांगणाऱ्या क्रियापदांना काहीच लागत नाही. अपवादही पुष्कळ. म्हणून क्रियापद एकटे पाठ न करता त्याच्या जोडासह पाठ करणे, हाच खरा मार्ग.

मराठीचे जोड याहून कमी गुंतागुंतीचे नाहीत. 'तो बोलू लागला' यात आरंभ आहे, 'त्याला बोलावे लागले' यात सक्ती. 'लागणे' एकच, अर्थ ठरतो तो आधीच्या रूपावरून आणि कर्त्याच्या विभक्तीवरून. आपले शालेय व्याकरण मात्र 'धातुसाधित अधिक सहायक क्रियापद म्हणजे संयुक्त क्रियापद' एवढे सांगून थांबते. ते रूप ओळखायला शिकवते, निवडायला शिकवत नाही.

त्यात भर म्हणजे आपली लाल पेन्सिल. 'करायला' दिसले, की तेथे 'करण्यास' लिहून भाषा शुद्ध केल्याचे समाधान आपण मिळवतो. पण 'मला जाऊ दे' याचे 'मला जाण्यास दे' होत नाही आणि 'पाऊस पडायचा थांबला' याला 'पडण्यास'चा उपयोग नाही. '-आयला' हे रूप अशुद्ध नाही. ते मराठीच्या व्यवस्थेचा कणा आहे.

सोलापुरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. येथील अनेक मुलांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. बोलचालीच्या कन्नडमध्येही 'माताडोके निंत' आणि 'माताडोदु निल्लिसिद' हे दोन अर्थ वेगळे राहतात. म्हणजे भेदाची जाण मूल घरूनच घेऊन येते. त्याला हवा असतो तो फक्त मराठी प्रत्यय. अशा वेळी वहीत नुसती फुली मारणे म्हणजे त्याचे अर्धे ज्ञान नाकारणे होय. फुलीऐवजी दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवली, तर व्याकरण तेथेच शिकवून होते.