नव्या यंत्राचा अडलेला भाग कोठें करून घ्यावा?

स्वतःच्या कल्पनेनें शेतीचें एखादें नवें यंत्र सिद्ध करूं पाहणारे बागाईतदार आपल्याकडे थोडे नाहींत. परंतु त्यांपैकीं पुष्कळांचें यंत्र एका सुट्या भागापाशीं येऊन अडतें. चौकट, पंखा, मोटार हें सर्व बाजारांत तयार मिळतें. जो भाग त्या यंत्राचा प्राण, तोच नेमका मिळत नाहीं. धुराची उष्णता हवेस देणारा, पण धूर व हवा यांस एकमेकांत मिसळूं न देणारा धातूचा भाग हा अशा अडणाऱ्या भागांपैकीं एक होय. कारखान्यांत त्यास हीट एक्स्चेंजर म्हणतात. आपण उष्णता-विनिमयक म्हणूं.

तो दूरच्या शहरांतून खास घडवून आणावा, अशी बहुतेकांची समजूत असते. आमचें मत याच्या उलट आहे. जो विनिमयक तालुक्याच्या गांवीं मिळणाऱ्या मालांतून घडत नाहीं व तेथेंच दुरुस्त होत नाहीं, तो शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं. कल्पना ठरवून मग माल शोधण्यापेक्षां, मिळणारा माल पाहून कल्पनेस आकार द्यावा, हेंच शहाणपणाचें आहे.

सांगली-तासगांवकडील बेदाण्याचें उदाहरण घेऊं. जाळीवर घातलेला माल सावलींत वाळण्यास सुमारें पंधरवडा लागतो. तेवढ्यांत अवकाळी पाऊस येऊन हवा दमट झाली, तर माल काळवंडतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. अशा वेळीं भट्टीवर हवा तापवून मालावर सोडावी, ही कल्पना कोणासहि सुचेल. पण धूर लागलेला बेदाणा कोण विकत घेणार? म्हणून मध्यें विनिमयक हवा.

आतां त्याचा हिशेब पाहूं. लहानशा वाळवण-घरासाठीं ताशीं १,००० घनमीटर हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाची, तर तिला सुमारें १० किलोवॅट उष्णता द्यावी लागते. धूर ३०० अंशांवर आंत शिरून १५० अंशांवर बाहेर पडतो असें धरल्यास, काजळीचा विचार करून सहा-सात चौरस मीटर पृष्ठभाग पुरावा. दोन इंची लोखंडी नळीच्या एका मीटरास सुमारें ०.१९ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. नळी बाजारांत सहा मीटर लांबीची मिळते. म्हणजे सहा नळ्यांत काम भागतें. प्रत्येकीचे दीड मीटराचे चार तुकडे केले, तर चोवीस तुकडे पडून कांहींहि वायां जात नाहीं. तेच आकृतींत १.७ मीटर लांबी लिहिली, तर एका नळीचे तीनच तुकडे होऊन प्रत्येक नळीमागें ०.९ मीटर भंगारांत जाते. कागदावरील वीस सेंटिमीटरांचा हा फरक खिशास जाणवतो.

धातूविषयींहि असाच गैरसमज आहे. तांबें स्टेनलेस पोलादापेक्षां सुमारें पंचवीसपट उष्णतावाहक आहे, म्हणून तांब्याच्याच नळ्या हव्यात, असें पुष्कळांस वाटतें. परंतु धूर व हवा यांच्या विनिमयकांत उष्णतेस खरी अडवणूक धातु करीत नाहीं. नळीस चिकटून राहणारा हवेचा पातळ थर करतो, आणि ती अडवणूक पत्र्याच्या अडवणुकीच्या शेंकडों पट असते. म्हणून येथें महाग धातूवर केलेला खर्च फुकट होय. तोच पैसा पृष्ठभाग वाढविण्यांत घालावा. साधें पोलाद या कामीं पुरेसें आहे. जस्ताचा मुलामा दिलेली नळी मात्र धुराच्या बाजूस वापरूं नये. तो मुलामा सुमारें २०० अंशांपलीकडे टिकत नाहीं, आणि तिच्यावर वेल्डिंग करतांना निघणारा धूर कारागिरास अपायकारक असतो.

कोणी म्हणेल कीं, मोडक्या मोटारीचा रेडिएटर स्वस्तांत मिळतो, तो कां नको? जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरास शिशाचा डाख असतो. असा डाख २०० अंशांच्या आंत-बाहेरच वितळूं लागतो, आणि खाण्याच्या मालाजवळ शिसें येतां कामा नये. तयार पंखाळी कॉइल ही गरम पाणी व स्वच्छ हवा यांसाठीं उत्तम आहे. तेथें ती जरूर विकत घ्यावी. परंतु धुरांत तिच्या फटी काजळीनें लौकरच बुजतात. धुरास सरळ नळी बरी. ब्रश घालून ती साफ करतां येते. त्यासाठीं दोन्ही टोकांस उघडणारीं झांकणें मात्र ठेवावीं.

कारागिराकडे जातांना तोंडी वर्णन घेऊन जाऊं नये. मापांची आकृति न्यावी. कोणतें माप काटेकोर हवें व कोठें थोडें कमीअधिक चालेल, हें तिच्यावर लिहावें. सर्वच मापें काटेकोर मागितलीं कीं मजुरी वाढते. कोल्हापुरच्या शिवाजी उद्यमनगरांत किंवा मिरज-कुपवाडच्या वसाहतींत असें काम करणारे कुशल लोक आहेत. नळ्या बसविण्याच्या भोकांच्या प्लेटी तेवढ्या तेथें लेसरवर कापून घ्याव्या व बाकीचें वेल्डिंग गांवच्या मिस्त्रीकडून करवावें.

दोन गोष्टी आकृतींत विसरतां कामा नयेत. पोलाद दर मीटरास १०० अंशांमागें सुमारें १.२ मिलिमीटर वाढतें. म्हणून दीड मीटराच्या नळ्यांचें एक टोक मोकळें सरकूं द्यावें, नाहींतर जोड तडकतील. दुसरें, पंखा हवा ओढणारा नसावा, ढकलणारा असावा. मग एखादा जोड फुटलाच, तरी हवा धुरांत जाईल. धूर मालांत येणार नाहीं. भाग घरीं नेण्यापूर्वीं, एक बाजू बंद करून हलक्या दाबाची हवा भरावी आणि प्रत्येक जोडास साबणाचें पाणी लावून पाहावें. वाफ दाबाखालीं कोंडावयाची असेल, तर तो खेळ घरगुती नव्हे. त्यास २०२५ चा बॉयलर कायदा लागूं पडतो कीं काय, हें आधीं विचारून घ्यावें.

ज्यांस आपली कल्पना राखावयाची आहे, त्यांनीं ती प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं पेटंटचा तात्पुरता अर्ज करावा. पूर्ण अर्जास त्यापुढें बारा महिन्यांची मुदत मिळते. १९७० च्या कायद्याप्रमाणें शेतीच्या पद्धतीस पेटंट मिळत नाहीं; परंतु नव्या यंत्रास मिळूं शकतें.

एकट्यादुकट्यास हें सर्व जड जातें, हें खरें. म्हणूनच शेतकऱ्यांच्या संघांनीं या कामीं पुढें व्हावें. कसोटीस उतरलेल्या आकृत्यांचें एक पुस्तक, जोड तपासण्याचें साधें साहित्य आणि तालुक्यांतील विश्वासू कारागिरांची यादी एवढें प्रत्येक संघानें ठेवावें. एकाच मापाच्या प्लेटी दहा सभासदांनीं एकत्र कापून घेतल्यास प्रत्येकास त्या स्वस्त पडतील. आणि एकाच्या यंत्राचा भाग मोडला, तर दुसऱ्याच्या मापाचा त्यास बसेल. पाऊस येऊन ठेपल्यावर शहरांतून येणाऱ्या भागाची वाट पाहण्याची पाळी मग कोणावर येणार नाहीं.