पेट्रोलात मका जळतो, भाव कुठे जातो?



सेमाडोहहून परतवाड्याला जाणाऱ्या मोटारसायकलच्या टाकीत आता शंभरात वीसपर्यंत भाग इथेनॉल असते. त्यात प्राणवायू असल्याने पेट्रोल नीट जळते, विषारी धूर कमी होतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे भावाशी. 2003 साली 5 टक्के मिश्रणाचा हुकूम निघाला, 2025 साली 20 टक्के गाठले. मागणी एवढी वाढली, तर मक्याने भाव खायला हवा होता की नाही?

हिशेब करा. एका क्विंटल मक्यातून साधारण 38 लिटर इथेनॉल निघते. जानेवारी 2024 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी लिटरला 71 रुपये 86 पैसे ठरवले. झाले 2,730 रुपये, उरलेला चोथा पशुखाद्यात विकला जातो तो वेगळा. 2025-26 चा आधारभाव 2,400. प्रत्यक्षात त्या हंगामात मका त्याच्या कितीतरी खाली गेला. कर्नाटकातले मका शेतकरी त्यासाठी रस्त्यावर उतरले.

हे आपोआप झाले नाही. मका तेजीत येताच जून 2024 मध्ये सरकारने 5 लाख टन आयातीला कमी जकातीची वाट करून दिली. जानेवारी 2025 मध्ये गोदामातला तांदूळ, जो सरकारला कितीतरी महाग पडला होता, इथेनॉलवाल्यांना 2,250 रुपये क्विंटलने देऊ केला. मग ते तुमच्या खळ्यावर कशाला येतील? ऊसवाल्यांचीही गत हीच. 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल करायला मनाई! ब्राझीलमध्ये साखर करायची की इथेनॉल, हे कारखाना भाव पाहून ठरवतो. आमच्याकडे दिल्ली ठरवते.

वऱ्हाडाला तर दुहेरी मार आहे. मक्याचा तोच चोथा स्वस्तात मिळू लागल्याने सोयाबीनच्या ढेपेचा उठाव घटला. 2025-26 मध्ये सोयाबीनचा आधारभाव होता 5,328, आणि बाजार समितीत काय मिळाले ते तुम्हीच जाणता.

मेळघाटात पावसाच्या पाण्यावर मका घ्यायचा, रात्रभर रानडुकरांपासून राखायचा, आणि शहरातली हवा स्वच्छ करण्याचा खर्चही आम्हीच सोसायचा? स्वच्छ इंधन हवे तर खुशाल घ्या, पण बाजारात येऊन, बाजाराच्या भावाने. गोदामे आमच्या अंगावर ओतू नका.

जिल्हा बैठकीला येताना या हंगामाच्या काटापट्ट्या आणा. आधारभाव आणि मिळालेला भाव यातला फरक गाववार मांडून आम्ही तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहोत.