हसणाऱ्यांचे मत कोण मोजतो?

विनोदी कार्यक्रमांविषयी गंभीरपणे लिहावयाचे म्हटले की पुरोगामी वर्तुळातही कपाळाला आठ्या पडतात. दुष्काळ, कर्जबाजारीपणा, ऊसतोड कामगारांची मजुरी असे प्रश्न समोर उभे असताना दूरचित्रवाणीवरील हास्याची चिकित्सा कशाला, असा हा आक्षेप आहे. आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दिवसभर राबून आलेला माणूस रात्री ज्या पडद्यासमोर तासभर बसतो, त्याची दखलच न घेणारी चळवळ त्या माणसाच्या मनाचा एक मोठा कोपरा दुसऱ्यांच्या स्वाधीन करून मोकळी होते. आणि हे दुसरे कोण, हे पाहिले म्हणजे प्रश्न वाटतो तितका हलका राहत नाही.

बीड तालुक्यातील चौसाळा हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. बालाघाटाच्या रांगांतील हा सारा टापू अवर्षणाचा. दसरा-दिवाळी उलटली की या भागातील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. अशा गावात रात्री हास्याचा कार्यक्रम लागला की जी मते ऐकू येतात, ती पुण्या-मुंबईच्या मतांपेक्षा कमी जाणती नसतात. साधारणतः ती तीन प्रकारची असतात. पहिले मत असे की, ही मंडळी वाक्ये विसरतात, मध्येच स्वतःच हसतात, समोरच्याला अडवतात. याला नाटक कसे म्हणावे? दुसरे मत नेमके उलटे: अडखळले, फसले आणि तिथेच सावरून घेतले, यातच खरी गंमत, घोकून आलेला विनोद शिळा लागतो. तिसरे मत बहुधा बायकांचे असते आणि ते हळू आवाजात सांगितले जाते: हसू येते खरे, पण घरातल्यांसमोर बसून पाहताना अवघडल्यासारखे होते.

या तिसऱ्या मताकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वस्तुतः सर्वांत अधिक विचार करण्याजोगे तेच आहे.

अवघडलेपणातून हसू काढण्याची रीत आता जगभर रूढ झाली आहे. अमेरिकेत लॅरी डेव्हिड यांची ‘कर्ब युवर एन्थुझिॲझम’ ही मालिका २००० ते २०२४ या काळात चालली. तिच्यात प्रसंगाचा आराखडा तेवढा आधी लिहिलेला असे. संवाद नटांनी आयत्या वेळी बोलावयाचे. नायक सुखवस्तू, हट्टी आणि शिष्टाचाराच्या बाबतीत अडाणी. दर भागात तो स्वतःच्याच वागण्याने खजील होतो आणि पाहणाऱ्याला त्याच्या वतीने लाज वाटते. मराठीत अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी ‘कास्टिंग काऊच’ या मालिकेत हाच बाज आणला. नामांकित नटनट्यांना मुलाखतीत अवघड प्रश्न विचारून मुलाखतकारच कसे हास्यास्पद ठरतात, हा तिचा गाभा. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांची संहिता लिहिलेली असते. तथापि आयत्या वेळची भर आणि फजिती हा त्यांच्याही लोकप्रियतेचा मोठा भाग आहे.

ही रीत परदेशातून आली असा समज कोणी करून घेऊ नये. तमाशातील बतावणी म्हणजे दुसरे काय होते? गण आणि गौळण झाली की सोंगाड्या पुढे येई आणि त्या दिवशीच्या, त्या गावच्या गोष्टीवर आयत्या वेळी बोले. काळू-बाळूंची जोडी त्याच बळावर गावोगाव गाजली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या राजकारणावर बोलत, तेव्हा काल पाहिलेला प्रयोग आज तसाच राहत नसे. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक, या सर्वांनी तमाशाचा हाच लवचिक साचा उचलून त्यात नवा आशय भरला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ गावोगाव नेले. निळू फुले, राम नगरकर आणि स्वतः दादा कोंडके याच सेवा दलाच्या मुशीतून पुढे आले. चळवळीला विनोदाचे वावडे होते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा चाळावा.

या परंपरेत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आयत्या वेळचा शब्द सत्तेच्या हाती लागत नसे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे आधी मंजुरीसाठी द्यावी लागते. पण जे कागदावर नाहीच त्यावर शिक्का कुठे मारणार? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रेक्षक समोर बसलेला असे. सोंगाड्याची कोटी पसंत पडली तर फेटा उडे, नाही पडली तर तिथल्या तिथे उत्तर मिळे. एखाद्याचे वर्म काढताना हात राखावा लागे, कारण तो माणूस किंवा त्याचा भाऊबंद तिसऱ्या रांगेत बसलेला असे. त्या काळी सारेच सभ्य होते असा याचा अर्थ नव्हे. तमाशातही बाईच्या देहावर आणि खालच्या मानलेल्या जातींवर ओंगळ विनोद झाले आहेत, आणि फडावरच्या बाईला त्यावर उत्तर देण्याची मुभा क्वचितच होती. परंतु बोलणारा आणि ऐकणारा एकाच मांडवाखाली होते, एवढे निश्चित.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि विनोद घरात आला. ‘गजरा’ने नवे नट दिले, ‘चिमणराव’ने चिं. वि. जोशी यांचा सौम्य, स्वतःवर हसणारा मध्यमवर्गीय घरोघरी पोहोचविला. उत्तर देण्याची सोय मात्र संपली. खासगी वाहिन्यांच्या काळात तर प्रेक्षकाची जागाही भरून काढण्यात आली: चित्रीकरणाच्या दालनात बसलेले पाहुणे आणि परीक्षक हसतात, आणि कुठे हसावयाचे ते चौसाळ्याच्या माणसाला त्यांच्याकडून कळते.

मग या माणसाचे मत वाहिनीपर्यंत जाते कसे? येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. वाहिनी विनोद विकत नाही. ती प्रेक्षक विकते आणि जाहिरातदार तो विकत घेतात. म्हणून प्रेक्षकांची मोजदाद होते, म्हणजेच टीआरपी काढला जातो. ऑक्टोबर २०१५ पर्यंत खेडी या मोजणीत नव्हतीच. ‘चला हवा येऊ द्या’ मधील थुकरटवाडी हे काल्पनिक खेडे २०१४ मध्ये पडद्यावर आले, तेव्हा खऱ्याखुऱ्या खेड्यांना हिशेबात स्थान नव्हते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे ग्रामीण घरेही मोजली जाऊ लागली. तरी २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि मापनयंत्र बसविलेली घरे सुमारे ४४ हजार. म्हणजे एक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होते. नमुना पाहणीचे शास्त्र जाणणारा यात दोष काढणार नाही. नमुना नीट निवडलेला असेल तर तो पुरतो. दोष निराळ्याच ठिकाणी आहे.

पहिला दोष असा की, यंत्र पाहणे मोजते, मत मोजत नाही. कोणती वाहिनी किती वेळ लागली होती आणि समोर कोण बसले होते, एवढेच त्याला कळते. पोट धरून हसणारा मुलगा, नाइलाजाने बसलेला म्हातारा आणि अवघडून पदर सावरणारी सून, तिघेही त्या आकड्यात सारखेच. ज्या विनोदाचा आधारच अवघडलेपण आहे, त्याच्या बाबतीत हा दोष क्षुल्लक नाही. पाहणाऱ्याला आलेली लाज गंमतीची होती की अपमानाची, हा खरा प्रश्न; आणि नेमका तोच प्रश्न यंत्र विचारीत नाही.

दुसरा दोष असा की, ही मोजणी घर धरून चालते. ज्यांची घरे वर्षातले पाच-सहा महिने कुलूपबंद असतात त्यांचे काय? उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाला जाहिरातदाराच्या लेखी पत्ता नसतो. नवरा-बायकोच्या जोडीला जेथे ‘एक कोयता’ म्हणतात, माणसांना जेथे अवजाराच्या नावाने मोजले जाते, तेथे त्यांच्या हसण्याची मोजदाद कोण ठेवणार? हे लोक पाहत नाहीत असे नव्हे. हातातल्या मोबाइलवर तेही हास्याचे तुकडे पाहतात. त्यांच्या खिशात जाहिरातदाराला रस नसतो, म्हणून त्यांच्या पसंतीला भाव नसतो.

परिणाम पडद्यावर दिसतो. ज्याला भाव नाही, त्याच्यावर हसणे स्वस्त पडते. मराठवाडी बोली, खेडवळ पेहराव, काळा रंग, जाड शरीर, साडी नेसलेला पुरुष, ही हमखास हशाची ठिकाणे होऊन बसली आहेत. बोलीवर हसणे आणि बोलीतून हसविणे यांत अंतर आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली. त्यांची भाषा मराठवाड्यातील गावाची, पण त्या माणसांची कीव वाटत नाही, ती आपलीच वाटतात. ‘चला हवा येऊ द्या’ मध्येही अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि पोस्टमनच्या वेषात सागर कारंडे यांनी वाचलेली पत्रे लोकांच्या लक्षात राहिली. शेतकऱ्याच्या दुःखाने अवघडून टाकणारे ते क्षण त्याच मंचावरचे होते, आणि प्रेक्षक ते पाहताना उठून गेला नाही. म्हणून ‘लोकांना हेच हवे असते’ ही वाहिन्यांची सबब मान्य करण्याचे कारण नाही.

यावर काहींचा उपाय तयार असतो: बंदी घाला, गुन्हा नोंदवा. हा उपाय रोगाहून वाईट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैना यांच्या ‘इंडियाज गॉट लेटंट’ या मुंबईत चित्रित झालेल्या कार्यक्रमात आयत्या वेळी विचारलेल्या एका अश्लाघ्य प्रश्नावरून देशभर गहजब झाला. प्रश्न ओंगळ होता हे अनेकांचे मत होते आणि ते मांडण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. परंतु महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदविला आणि रैना यांनी सारेच भाग काढून टाकले. प्रेक्षकाने पाहून, तपासून, झिडकारण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढच्याच महिन्यात, २३ मार्च २०२५ रोजी, कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्र्यांवर केलेल्या विनोदावरून मुंबईतील खार येथील ‘हॅबिटॅट’ या जागेची सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. पहिला विनोद बीभत्स होता, दुसरा राजकीय. शासनाची आणि झुंडीची काठी दोघांवर सारखीच उगारली गेली. काठीला विनोदाची प्रत कळत नाही. तिच्या धाकाने आयत्या वेळचा शब्द प्रथम मरतो, आणि उरतो तो निरुपद्रवी, म्हणजे दुबळ्यांवरचा विनोद. कारण दुबळा माणूस मोडतोड करावयास येत नाही.

तेव्हा कसोटी कोणती लावावयाची? अवघडलेपण वाईट नाही. हास्य संपल्यावर अवघडून कोण उभे राहते, हे पाहावे. मुकादम उचलीचा हिशेब सांगताना अडखळला, पुढारी टँकरच्या फेऱ्या मोजताना चुकला, हुंडा मागणाऱ्या वरबापाला शब्द सापडेना, तर ते अवघडलेपण समाजाला हितकारक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या चालण्या-बोलण्याची नक्कल पाहून तिचीच मुलगी मान खाली घालीत असेल, तर कितीही हशा पिकला तरी तो विनोद हरला. लॅरी डेव्हिड यांचा नायक धनवान आहे आणि फजिती त्याचीच होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही कसोटी लावणे हे पोलिसांचे काम नव्हे, प्रेक्षकाचे आहे. आणि प्रेक्षकाला त्याचे मत मोठ्याने बोलण्यास बळ देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. त्यासाठी फार खर्च नको. हंगाम संपून कुटुंबे गावी परतली की चौसाळ्यासारख्या गावात आठवड्यातून एक रात्र चार घरांनी एकत्र बसून कार्यक्रम पाहावा आणि नंतर अर्धा तास त्यावर बोलावे. बायकांना आधी बोलू द्यावे. जे पटले नाही ते गावाच्या सह्यांनिशी वाहिनीला कळवावे, आणि जे आवडले तेही कळवावे. कारण टीकेइतकीच शाबासकीची नोंदही कोणी ठेवीत नाही. बंदीची मागणी मात्र एकाही पत्रात असू नये.

याहून महत्त्वाचे काम कलापथकाचे आहे. तरुण मुलामुलींना हाताशी धरून बतावणी पुन्हा उभी करता येईल. विषय गावात पडलेले आहेत: उचल, टँकर, पीकविमा, शाळेची गळकी खोली. संहिता मोजकी असावी, बाकीचे आयत्या वेळी सुचू द्यावे; अडखळले तरी बिघडत नाही. मुलींनी केवळ नाचण्यासाठी नव्हे, तर सोंगाड्याची भूमिका घेऊन उभे राहावे. आणि पहिल्या रांगेत मुकादमालाही बोलवावे. त्याला उत्तर देण्याची मुभा असावी, कारण ती मुभा हाच या कलेचा प्राण आहे. दूरचित्रवाणीला जे जमत नाही ते तेथे, मांडवात, घडू शकते.