मनगटावरचा पहारेकरी आणि मोरीवरचा तांब्या

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, सॅमसंग कंपनीने आपल्या स्मार्ट घड्याळासाठी हात धुण्याची आठवण करून देणारे एक अ‍ॅप उपलब्ध केले. ते घडवले होते कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने. साबण घेण्यासाठी पाच आणि हात चोळण्यासाठी वीस, अशी पंचवीस सेकंदे ते मोजत असे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अ‍ॅपलने तर बटण दाबण्याचीही गरज ठेवली नाही. हाताच्या विशिष्ट हालचाली आणि पाण्याचा आवाज यांवरून मनुष्य हात धूत आहे हे घड्याळच ताडते, वीस सेकंदांची उलट मोजणी सुरू करते आणि मध्येच थांबल्यास 'पूर्ण करा' असे बजावते. बाहेरून घरी आलेला माणूस न्हाणीघराकडे वळला नाही, तर त्यालाही हटकते.

श्रीमंतांचा नवा चाळा म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. हात धुण्याचा प्रश्न ज्ञानाचा कमी आणि सवयीचा अधिक आहे. व्हिएन्नाच्या सूतिकागृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये शंभरांतील अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि जुलैत हे प्रमाण एकावर आले. तरीही समव्यवसायी बधले नाहीत. सभ्य गृहस्थाचे हात मृत्यू वाहून नेतात, हे मान्य करणे त्यांना जड गेले. सेमेलवाइस १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात वारले. आज जंतूंचे ज्ञान प्राथमिक शाळेच्या पुस्तकात आहे, तरी हयगय संपलेली नाही. तेव्हा कोणी मनगटावर बसून टोचणी लावीत असेल, तर त्याला बोल लावण्याचे कारण नाही.

मात्र या पहारेकऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही पाहिले पाहिजे. तो काळ मोजतो. स्वच्छता मोजत नाही. वीस सेकंदे तळहातावर तळहात घासत राहिल्यास घड्याळ शाबासकी देईल, पण हात धुताना हमखास सुटणारे अंगठे, बोटांची टोके आणि नखांच्या कडा तशाच राहतील. शिवाय जिथे हात धुणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो, तिथे घड्याळालाच मज्जाव आहे. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून रुग्णसेवेच्या वेळी कोपराखालचा हात उघडा ठेवण्याचा दंडक आहे. मनगटावर काही असले, की मनगट नीट धुतले जात नाही, हा त्यामागचा साधा विचार.

भारतात तर मूळ प्रश्नच निराळा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ मध्ये, शौचानंतर साबणाने हात धुणारी कुटुंबे ७४.१ टक्के आढळली. जेवणापूर्वी तसे करणारी अवघी ३५.८ टक्के. ग्रामीण भागात तर हा दुसरा आकडा २५.३ वर होता. बाकीचे बहुतेक हात धूत नव्हते असे नाही. नुसत्या पाण्याने धूत होते. आपल्याकडे पानावर बसण्यापूर्वी हातावर पाणी घेण्याचा संस्कार आहे, साबणाचा नाही. म्हणजे येथे उणीव सेकंदांची नसून साबणाची आणि वेळेची आहे. घरी परतल्यावर आठवण करणारे घड्याळ दुपारच्या सुटीत कचेरीत डबा उघडणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत मूक राहते.

पाण्याच्या आवाजाचा आधारही असाच नळ गृहीत धरणारा. मोरीत तांब्याने पाणी घेणाऱ्याच्या हातावर धार क्षणभर पडते आणि थांबते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील गृहिणीला साबण चोळेपर्यंत पाणी वाहते ठेवा, असे कोण सांगेल? आणि सांगणाऱ्याचे ती का ऐकेल? वीस सेकंदे नळ सोडून ठेवला, तर दोन लिटर पाणी सहज जाते. येथल्या माणसासाठी असे अ‍ॅप रचायचे, तर जेवणाच्या वेळा त्याच्याकडूनच विचारून घ्याव्या लागतील, पाण्याच्या आवाजापेक्षा चोळण्याच्या हालचालीवर भिस्त ठेवावी लागेल, आणि मधल्या सेकंदांत 'आता अंगठा', 'आता नखे' असे सुचवावे लागेल. दिवसभर ठरावीक अंतराने वाजणारी सूचना चौथ्या दिवशी बंद केली जाते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

एवढे करूनही हे घड्याळ ज्याच्या मनगटावर असेल, त्याच्या घरी नळ आणि साबण बहुधा आधीपासूनच असणार. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या हिशेबाने २०२० मध्ये जगातील दर दहांपैकी तिघांच्या घरी साबण-पाण्याने हात धुण्याची मूलभूत सोय नव्हती. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन योजना जाहीर झाली, तेव्हा ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांतच नळजोडणी होती. त्यानंतर जोडण्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली, हे सरकारचे श्रेय नाकारता येणार नाही. पण जोडणी म्हणजे रोजचे पाणी नव्हे, हे गावोगावच्या बायकांना ठाऊक आहे. शाळेत पोषण आहाराची पंगत बसण्यापूर्वी मुले रांगेने हात धुतात, तेथे घड्याळाची गरज नाही. शिक्षकाचा डोळा पुरतो. तेथे वडी संपली की दुसरी कोणत्या खर्चातून आणायची, एवढेच ठरवायचे राहून जाते.